नवव्या पायरीचा शेंदूर

जनकाच्या पायगुणाबद्दल गावात पहिला शब्द मी काढला. दुसऱ्या कुणी काढला असता तर मी आज त्याच्यावर तोंडसुख घेऊन मोकळी झाले असते. पण तो माझ्याच तोंडचा, त्यामुळे लिहिणं भाग आहे. मी तेव्हा दुसरबीडला शाळेत मास्तरीण होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, या म्हणीचा अर्थ चौथीच्या पोरांना उदाहरणासह समजावून देत होते. सुटी लागली की ती म्हण मात्र शाळेच्या खुंटीला टांगून घरी येत होते.

जनका माझी भावजय. माझ्या पाठचे दोन भाऊ लागोपाठ गेले म्हणून तिसरा झाला तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि नाव ठेवलं उकंडा. अशा नवसासायासाच्या मुलाची बायको म्हणजे काही साधी सून नव्हे. तिची परीक्षा ती गावात शिरायच्या आधीच सुरू झाली.

साल १९६४, वैशाख महिना. लोणारकडून वऱ्हाड परत येत होतं. नवरानवरी पुढे दमणीत, म्हणजे हलक्या छोट्या गाडीत, आणि मागच्या बैलगाडीत आम्ही बायका. आमचं गाव दुसरबीडपासून दोन कोसांवर. दिवेलागणीला गाव दिसू लागलं आणि रंगरावांच्या शेताजवळ दमणीचं चाक धाडकन खाली गेलं. आख मोडला. रंगरावांनी चारच दिवसांपूर्वी गाडीवाटेतून आडवा चर खणला होता आणि वर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या टाकून माती लोटून ठेवली होती. नवरीला उतरावं लागलं. उतरताना तिचा पाय त्या चरात गुडघ्यापर्यंत गेला. शालू मातीनं भरला.

नव्या नवरीचं पाऊल वेशीआधी जमिनीला लागू नये, अशी आमच्याकडची समजूत. मी गाडीतून हसत म्हणाले, "घ्या, पायगुण दिसला!" सगळे हसले. एकटी आई हसली नाही, आणि आईच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला तिथं दुसरं दारच नव्हतं.

तो चर कशासाठी होता ते सांगते. रंगरावांच्या शेताच्या मधोमध चार एकर जमीन ताटासारखी खोलगट होती. तिला आम्ही लवण म्हणतो. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तिथं पाणी साचलेलं असायचं, बेडूक ओरडायचे, बगळे यायचे. पाणी ओसरलं की रंगरावांचे वडील त्या ओलीवर हरभरा टाकायचे आणि तेवढ्यावर खूश असायचे. रंगराव तसे नव्हते. ते गावचे सुधारक. शेतीचं मासिक मागवणारे, बूट घालून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहणारे. "साचलं पानी म्हणजे बसलं मानूस," असं ते म्हणायचे. लवणातलं पाणी थेट नाल्यात जावं म्हणून त्यांनी चर काढला. त्या साली चार एकरांत ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. लोक बघायला गेले. मीही गेले आणि वाहवा करून आले.

रंगरावांच्या शेताखाली दोन वावरं सोडून आमचा मळा. वांगी, कांदा, लसूण, सांभार म्हणजे कोथिंबीर, थोडा गहू. सगळी भिस्त विहिरीवर. माझे वडील महादेवराव यांनी ती दगडी बांधून घेतली होती, आत बावीस पायऱ्या. घरची एक रीत होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरच्या बाईनं पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचं आणि पाण्याच्या अगदी वर जो दगड असेल त्यावर साती आसरांच्या नावानं शेंदराची सात बोटं ओढायची. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. आधी आजी जायची, मग आई. नेहमी नवव्या पायरीपर्यंत.

लग्नानंतरच्या पहिल्या भोगीला आई उतरत उतरत चौदाव्या पायरीपर्यंत गेली. दुसऱ्या भोगीला सोळाव्या. तिसऱ्या भोगीला अठराव्या. होळीपर्यंत मोटेत पाण्याऐवजी गाळ येऊ लागला. कांदा जळाला. गहू तर सोडूनच दिला.

आईनं काय करावं? तिनं आसरांना दोनदा खणानारळानं ओटी भरली, कोंबडं दिलं, एका देवऋष्याला बोलावलं. काही झालं नाही तेव्हा माझा तो शब्द तिला आठवला. जनकानं विहिरीची पायरी चढायची-उतरायची नाही, मोटेच्या नाड्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. घरचं पाणी तिनं गावविहिरीवरून आणायचं. तिला तोवर मूलही झालेलं नव्हतं, ते एक वेगळंच. उकंडा काही बोलत नसे. तो जेवताना मान खाली घालून जेवायचा आणि मान खाली घालूनच उठायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी सुटीत घरी आले तर आईनं मला ओसरीवर बसवलं. जनका आत भाकरी थापत होती, तिला ऐकू जाईल अशाच आवाजात आई म्हणाली, "येत्या भोगीपर्यंत पाह्यते. तव्हालोक इहिरीले पानी नाही आलं, तं तिच्या बापाले बोलावते आन म्हणते, ने बापा तुही लेक."

थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मला तेव्हा आईला अडवता आलं असतं. मी अडवलं नाही. मी चहा प्यायले.

चार दिवसांनी विहिरीतला गाळ काढायचं ठरलं. मजूर मिळेनात, माणसं कमी पडली, तेव्हा आईच जनकाला म्हणाली, "चाल, तू बी टोपली घे." मी विचारलं, आता हिची पायरी चालते का? तर म्हणे, "पानीच नाही तं बाटेल काय?" आमच्या धर्मात अडचणीला नेहमी एक मागचं दार असतं. ते आईला बरोबर सापडायचं.

अशी जनका पहिल्यांदा त्या विहिरीत उतरली. मी वर टोपल्या ओढत होते. थोड्या वेळानं खालून हाक आली, "ताई, जरा खाली या ना."

मी उतरले. ती नवव्या पायरीपाशी भिंतीवर हात ठेवून उभी होती. तिथला शेंदूर बोटभर जाड झाला होता, थरावर थर. "हा कधीचा?" तिनं विचारलं.

"आजीच्या काळापासूनचा. दरवर्षी इथंच लावतात."

"दरसाल? कमी पावसाच्या सालीबी?"

मी आठवलं. वडिलांच्या काळात काय कोरडी सालं नव्हती? माझ्या लहानपणी एका वर्षी कपाशी फुटभरसुद्धा वाढली नव्हती. तरी बोटं इथंच. एखाद्या वेळी एक पायरी खाली-वर, बस. मी तसं सांगितलं.

मग तिनं मला खाली नेलं. चौदाव्या पायरीवर सात बोटं, एकेरी, पातळ. सोळावीवर सात. अठरावीवर सात. मी ती तिन्ही वर्षं वरून पाहिली होती, पण खाली उभं राहून असा हिशेब कधी मांडला नव्हता.

"ताई, आसरा रागावली असती तं एकदमच उठून गेली असती," जनका म्हणाली. "मानूस रागावलं की घर सोडते, पायरी पायरीनं नाही उतरत. हे आधी पाच आन मंग दरसाल दोन पायऱ्या उतरून राह्यलं. म्हणजे दरसाल काहीतरी वाढून राह्यलं."

"काय वाढतंय?"

"चाला माह्यासंगं."

भर उन्हात ती मला रंगरावांच्या शेताकडे घेऊन गेली. डोक्यावर पदर, हातापायांना गाळ. चरापाशी आल्यावर ती सरळ आत उतरली. चराचा काठ तिच्या छातीपर्यंत आला.

"लग्नाच्या दिवशी मी यात पडली, तव्हा हा माह्या गुडघ्याइतका होता," ती म्हणाली. "आता पाहा. लवणात जिरनारं पानी यातून जाऊन जाऊन खोल झाला. आमी दोघं एकाच दिवशी आलो या गावात, मी आन हा चर. तुमी समद्यायनं मलेच पाह्यलं."

मला तिथल्या तिथं रडू आलं. लाजेनं आलं, हे कबूल करते. आणि रडताना शिकलेल्या बाईला सुचतं तेच मला सुचलं, मी शंका काढली. लवण कुठे, आपली विहीर कुठे, मध्ये दोन वावरं. इतक्या लांब पाणी जातं का?

ती हसली. लोणारला तिच्या माहेरचं शेत तळ्याच्या वरच्या कडेला. खाली उतरणीवर बारमाही झरा. वर शेतात मोठा पाऊस पडला की किती दिवसांनी झऱ्याची धार वाढते, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. "मातीच्या पोटातून पानी चालते ताई. मानसासारखं घाईनं नाही चालत, एवढंच."

आईला सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. "चर खणला रंगरावनं, आन पानी गेलं आमचं? काऊन वं, त्याच्या चराले आमच्या इहिरीचा पत्ता कोनं देल्ला?" असं म्हणून ती जपाची माळ घेऊन बसली.

तेव्हा जनका स्वतःच रंगरावांकडे गेली. मी सोबत होते, पण मी नुसती सोबतच होते. रंगराव बाजेवर मासिक वाचत पडले होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "सूनबाई, पाऊस कमी झाला हाये. इहिरी समद्यायच्याच उतरल्या. आन माह्या चार एकराचं खरीप मी काऊन बुडवू?"

"खरीप नका घेऊ मामाजी. तुमचे वडील घेत तसा हरभरा घ्या."

"म्हणजे मी मागं जाऊ?"

"मागं नका जाऊ. चरापर्यंत या."

सुधारक असले तरी त्यांना कुतूहल होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. आले. जनका म्हणाली, "उतरा." बूट काढून ते उतरले. उंच माणूस, तरी नाल्याकडच्या टोकाला ते उभे राहिले तेव्हा वरून मला फक्त त्यांची टोपी दिसत होती. काठ ढासळून चर तिथं बैलगाडीइतका रुंद झाला होता. खाली नाल्यात काळ्या मातीचा थर पसरला होता, आणि ती माती कुणाच्या शेतातली हे सांगायला मासिक लागत नव्हतं. रंगरावांनी त्यातली एक मूठ उचलली, हातात चुरडली. 

वर आले तेव्हा म्हणाले, "एक साल चर अडवून पाहू. एकच. आन इहीर नाही भरली तं?"

"तं मी लोणारले जाईन," जनका म्हणाली. "आत्याबाईले माह्या बापाले बोलवाची गरज पडनार नाही. मी आपल्या पायानं जाईन, परत येनार नाही."

मी तिचा हात ओढला. तिनं माझा हात सोडवून घेतला.

आता गंमत पाहा. तीन वर्षं मान खाली घालून जेवणारा आमचा उकंडा. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून ठोकाठोकीचा आवाज आला. पाहिलं तर तो मोडक्या दमणीच्या फळ्या काढत होता. तीच दमणी, आख मोडल्यापासून गोठ्यात पडलेली. त्यानं चराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी दगड रचले, मधे सागाच्या फळ्या बसवल्या, वर काढता येतील अशा, आणि चिखलानं लिंपलं. आईनं विचारलं, हे कुणी सांगितलं? तर तो मान वर करून म्हणाला, "माह्या बायकोनं." एवढे दोनच शब्द, पण मी ते अजून विसरले नाही.

त्या साली पाऊस बरा झाला. श्रावणात लवण भरलं, बगळे परत आले. मी दर रविवारी दुसरबीडहून चालत यायची आणि आधी विहिरीत डोकावायची. काही नाही. पोळा झाला. काही नाही. गणपती बसले, उठले. विहिरीत पाणी सतराव्या पायरीला, गेल्या सालाइतकंच.  आई आता येता-जाता जनकाच्या ट्रंकेकडे पाहायची, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

मी जनकाला विचारलं, "तुझी चूक तर झाली नाही ना?" तिचाही धीर सुटत चालला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तरी रोज संध्याकाळी ती लवणाच्या काठाकाठानं फिरायची. एका रविवारी तिनं मला सोबत नेलं आणि पाय घासून जमीन दाखवली. मधे काळी माती. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात, पाणी खाली सोडत नाही. पण पूर्वेच्या कडेला काळी माती संपून पिवळा मुरूम लागत होता, अन् पाणी त्या मुरमापासून अजून वीतभर खाली होतं.

"पानी ताटात बसलं हाये," ती म्हणाली. "ताटाच्या बुडाले भोक नाही. भोकं हायेत ती कडीले. कडीले लागलं पायजे. एवढं वीतभर."

ते वीतभर पाणी हस्ताच्या पावसानं दिलं. दोन दिवस, दोन रात्री पडत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मुरमाच्या कडेला पाणी लागलं होतं आणि मुरमातून बारीक बुडबुडे निघत होते. जनका तिथंच उकिडवी बसली. मातीच्या आतली हवा बाहेर येत होती म्हणजे पाणी आत जात होतं, एवढं मलाही कळलं. शाळेत बाटलीत पाणी भरताना पोरांना मी तेच दाखवत असे.

पुढे रंगराव अस्वस्थ झाले. हरभऱ्याचा वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जाईल, फळ्या काढतो म्हणाले. जनका हात जोडून म्हणाली, "आठ दिवस द्या मामाजी." त्यांनी कुरकुर करत दहा दिले. अकराव्या दिवशी उकंडानं वरची फळी काढली, मग हळूहळू खालच्या. पाणी संथ गेलं, मातीचा रंगही न घेता. ओल्या लवणात रंगरावांनी हरभरा टाकला. आणि त्याच आठवड्यात आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाच्या भिंतीतून, तीन वर्षं कोरड्या पडलेल्या झऱ्यातून, करंगळीएवढी धार सुरू झाली.

भोगीला मी मुद्दाम रजा घेऊन घरी आले. आई शेंदराची वाटी घेऊन पायऱ्या उतरू लागली. जनका नेहमीसारखी वर, लांब, कडुलिंबाखाली उभी. मी मनात पायऱ्या मोजत होते. आठव्या पायरीवर आई थांबली. पाणी नवव्या पायरीला लागलं होतं, आणि तो जाड शेंदूर पाण्याच्या वर चार बोटं होता.  तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडते आहे, पण आमच्या आईनं रडताना कुणाला तोंड दाखवल्याचं माझ्या आठवणीत नाही.

मग ती वर न बघता म्हणाली, "वच्छले, जनकाले धाड. माह्या गुडघ्यात दुखून राह्यलं. वाकवत नाही मले."

जनका उतरली. आईनं तिच्या हातात वाटी दिली. तिनं सात बोटं ओढली. वर येताना आईनं एकदाही भिंतीला हात टेकवला नाही, की गुडघा धरला नाही.  त्या दिवसापासून भोगीचा शेंदूर जनकाचा झाला.

रंगरावांना त्या वर्षी हरभरा इतका झाला की ते फळ्यांची कल्पना आपलीच असल्याचं तालुक्याला सांगू लागले. जनकाचं म्हणणं, सांगू द्या, फळ्या वेळेवर लागल्याशी मतलब. दर मृगाला तीच जाऊन त्यांना आठवण करून द्यायची. तिला पुढे दोन मुली आणि एक मुलगा झाला. मळ्यात परत कांदा झाला, गहू झाला.

बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांनीच भोगला. लवणात त्या साली गुडघाभर पाणीसुद्धा साचलं नाही. पण मागच्या चार-पाच वर्षांचं पाणी मातीच्या पोटात होतं. त्र्याहत्तरच्या भोगीला जनकानं बोटं ओढली ती तेराव्या पायरीवर. निम्म्या गावानं त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर घागरी भरल्या. वैशाखात पाणी तळाला गेलं तेव्हा पुन्हा गाळ काढायला आम्ही उतरलो, आणि मला ती तिन्ही ठिकाणं परत दिसली. चौदावी, सोळावी, अठरावी. त्या भयानक दुष्काळातही भोगीला पाणी त्यांच्या वर होतं, आणि त्या तीन वर्षांत आम्ही एका पोरीला घराबाहेर काढायला निघालो होतो.

मला ते पाहवेना. मी खुरपं घेतलं आणि अठराव्या पायरीवरचा शेंदूर खरडू लागले. जनकानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या ताई."

"कशाला राहू देऊ? माझ्या जिभेची लाज आहे ती."

"असू द्या," ती म्हणाली. तिनं खुरपं माझ्या हातातून काढून घेतलं आणि टोपलीत टाकलं. "उद्या माह्या पोराची बायको येईल. त्या साली पानी कमी झालं, आन मी म्हातारी झाल्यावर तिले काहीबाही बोलली, तं तिले मले दाखवाले काहीतरी पायजे ना."